हेन्री मॉडस्ली : मळसूत्राला शिस्त लावणारा कारागीर



आज एका लोहाराची गोष्ट वाचूया. पण त्याआधी एक साधा प्रश्न. शाळेच्या संगणक कक्षात एकच मॉनिटर आहे. त्यावर दुसरीतली मुलगी बसते आणि तासाभराने सातवीतला उंच मुलगा बसतो. पडद्याची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत असावी, म्हणजे मान दुखत नाही. मग एकाच स्टँडची उंची दोघांना कशी चालणार? बऱ्याच ठिकाणी यावर उपाय म्हणजे मॉनिटरखाली जुनी पुस्तकं. पुस्तक काढलं की पडदा खाली, ठेवलं की वर. पण एका पुस्तकाच्या जाडीपेक्षा कमी उंची बदलायची असेल तर? तिथे पुस्तक कामाचं नाही, तिथे मळसूत्र लागतं. मळसूत्र म्हणजे आपला स्क्रू.

स्क्रू तुमच्या घरात जागोजागी आहे. दिवाळीत आई चकल्या करते तो पितळी सोऱ्या आठवा. वरची मूठ फिरवली की आतली चकती हळूहळू खाली जाते आणि घट्ट पीठसुद्धा निमूटपणे बाहेर येतं. ट्रकचं चाक बदलताना लावतात तो स्क्रूचा जॅक, सुताराचा शेगडा, सायन्स लॅबमधलं फिरवून उंच होणारं स्टूल, सगळीकडे तेच. गोल फिरणं सरळ सरकण्यात बदलायचं आणि थोड्या ताकदीत मोठं काम करायचं.

आता दुसरी गोष्ट बघा. हार्डवेअरच्या दुकानातून आज बोल्ट आणला, नट हरवला, तर तुम्ही काय कराल? त्याच मापाचा दुसरा नट आणाल आणि तो बसेल. यात आपल्याला काहीच विशेष वाटत नाही. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी असं नव्हतं. प्रत्येक बोल्टचा स्वतःचा एकच नट असायचा, नवरा-नवरीसारखी जोडी ठरलेली. यंत्र उघडताना कारागीर प्रत्येक जोडीवर खूण करून ठेवायचा, कारण जोड्या मिसळल्या तर यंत्र पुन्हा जोडताना दिवस वाया. ही अडचण ज्यांनी मुळापासून सोडवली त्यांत पहिलं मोठं नाव हेन्री मॉडस्ली यांचं.

हेन्री यांचा जन्म २२ ऑगस्ट १७७१ रोजी लंडनजवळच्या वुलविच गावी झाला. वुलविचला इंग्लंडचा मोठा शस्त्रागार कारखाना होता, त्याला आर्सेनल म्हणत. वडील सैन्यात चाकं बनवणारे सुतार होते. जखमी झाल्यावर ते आर्सेनलमध्येच भांडारात कामाला लागले. सात भावंडांत हेन्री पाचवे. ते नऊ वर्षांचे असताना वडील वारले.

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. बाराव्या वर्षी हेन्री आर्सेनलमध्ये काडतुसांत दारू भरायच्या कामाला लागले. आज तुम्ही बाराव्या वर्षी सहावी-सातवीत असता. तेव्हाच्या इंग्लंडात गरिबाच्या मुलाला ही वाट नेहमीचीच होती, आणि ती चांगली होती असं मी मुळीच म्हणणार नाही. दोन वर्षांनी त्यांना सुतारखात्यात घेतलं. पण तिथे त्यांचं मन रमेना. पलीकडच्या लोहारखात्यातून घणाचा आवाज यायचा आणि त्यांचं लक्ष तिकडे. शेवटी पंधराव्या वर्षी त्यांना भट्टीवर पाठवलं आणि मुलगा खुलला. थोड्याच काळात कानस आणि छिन्नी हाताळण्यात त्यांची बरोबरी करणारे कमी उरले. वर्गात आपण बघतोच ना, एखादं मूल पाढ्यांना अडखळतं आणि बिघडलेली सायकल मात्र पाच मिनिटांत चालू करतं. त्या हाताला योग्य काम मिळणं हाही शिक्षणाचाच भाग आहे, निदान मला तरी तसं वाटतं.

त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचे एक संशोधक होते. त्यांनी १७८४ मध्ये एका नव्या कुलपाचं पेटंट घेतलं होतं. कुलूप फार हुशारीचं, पण त्याचे बारीक भाग हाताने घडवायला वेळ लागे आणि किंमत चढे. सगळे भाग हुबेहूब सारखे बनवील असा माणूस ब्रामांना हवा होता. कुणीतरी वुलविचच्या पोराचं नाव सुचवलं. १७८९ मध्ये हेन्री त्यांच्या दारात उभे राहिले तेव्हा वय अवघं अठरा, आणि रीतसर सात वर्षांची उमेदवारीही झालेली नव्हती. एवढ्या लहान मुलाला कसं घ्यायचं? अशी गोष्ट सांगतात, की हेन्री यांनी तिथला एक झिजलेला शेगडा दाखवून तो संध्याकाळच्या आत नवा करून देतो असं सांगितलं आणि दिला. काम पाहून ब्रामांनी त्यांना ठेवून घेतलं.

ब्रामांच्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून एक कुलूप टांगलेलं असे. ते किल्लीशिवाय उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी बक्षीस! हे कुलूप हेन्री यांच्या हातचं असं मानलं जातं. ते उघडलं केव्हा, माहीत आहे? १८५१ मध्ये. हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने ते उघडलं आणि त्यालाही १६ दिवसांत मिळून ५० हून अधिक तास खटपट करावी लागली. तोपर्यंत ब्रामाही नव्हते आणि हेन्रीही नव्हते.

पण कुलपापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ते बनवायची यंत्रं. एकसारखे शंभर भाग हवे असतील, तर शंभर वेळा हातावर भरवसा ठेवण्यापेक्षा एकदाच चांगलं यंत्र बनवावं, ही दृष्टी हेन्री यांना इथे आली. ब्रामांच्या पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसमध्ये दट्ट्याच्या कडेने पाणी गळत असे. तिथे चामड्याची वाटीसारखी चकती बसवण्याची युक्ती हेन्री यांची असं सांगितलं जातं. दाब वाढला की चकती आपोआप आणखी घट्ट बसते. युक्ती साधी, पण तिच्याशिवाय ती प्रेस चालली नसती.

हेन्री आता मुख्य कारागीर होते. ब्रामांच्याच घरी काम करणाऱ्या सारा यांच्याशी १७९१ मध्ये त्यांचं लग्न झालं. संसार वाढला, मुलं झाली. पगार आठवड्याला ३० शिलिंग. १७९७ मध्ये त्यांनी पगारवाढ मागितली आणि ब्रामांनी ती तोडून टाकली. आठ वर्षं ज्याच्या हातावर कारखाना चालला त्याला असं उत्तर! हेन्री यांनी नोकरी सोडली आणि लंडनच्या वेल्स स्ट्रीटवर स्वतःचं छोटं दुकान थाटलं. ब्रामांचं नाव इतिहासात मोठं आहे आणि ते असायलाच हवं, पण हा हिशेब मात्र त्यांचा चुकला.

आता येऊया मळसूत्राकडे. इथे एक प्रयोग करा. कागदाचा काटकोन त्रिकोण कापा. तिरक्या बाजूवर लाल रेघ ओढा आणि तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. लाल रेघ पेन्सिलीवर फिरत फिरत वर चढेल. हेच मळसूत्र. म्हणजे स्क्रू हा दांड्याभोवती गुंडाळलेला उतार आहे. घाटातला रस्ता डोंगराला वळसे घालत चढतो ना, अगदी तसाच. एका फेऱ्यात रेघ जेवढी वर चढते तेवढं त्या स्क्रूचं अंतर, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर.

पूर्वी धातूवर हे आटे कसे पाडत? लेथवर दांडा फिरतो आहे आणि कारागीर हातात हत्यार धरून ते अंदाजाने सरकवतो आहे. हात जरा चुकला की आटे कुठे दाट, कुठे विरळ. हेन्री यांनी हाताचं काम हत्यारपेटीला दिलं. हत्यार एका पेटीत घट्ट पकडायचं. ती पेटी सरळ रुळांवरच सरकेल असं करायचं. आणि ती सरकवायची कुणी? एका लांब, अचूक मळसूत्राने. हे मुख्य मळसूत्र दंतचक्रांनी फिरत्या दांड्याशी जोडलेलं. दांडा फिरला की मळसूत्र फिरणार, मळसूत्र फिरलं की हत्यार ठरलेल्या वेगाने पुढे जाणार. चुकायला जागाच नाही.

थोडं गणित करा. मुख्य मळसूत्रावर इंचाला ४ आटे आहेत. दांडा आणि मळसूत्र सारख्याच वेगाने फिरले, तर दांड्यावरही इंचाला ४ आटे पडतील. आता दांड्याकडे २० दातांचं आणि मळसूत्राकडे ४० दातांचं चक्र लावलं. दांड्याचे दोन फेरे होतील तेव्हा मळसूत्राचा एक. मग इंचाला किती आटे? आठ! म्हणजे चक्रं बदलायची, की हवे तसे आटे मिळतात. मळसूत्र तेच.

खरं सांगायचं तर यातला प्रत्येक भाग हेन्री यांनीच प्रथम शोधला असं नाही. इंग्लंडमध्ये जेसी रॅम्सडेन यांनी त्यांच्या आधी मळसूत्र कापणारं यंत्र केलं होतं, फ्रान्समध्येही झालं होतं. पण सगळं लोखंडी, मजबूत आणि रोजच्या कारखान्यात राबेल असं यंत्र १८०० च्या सुमारास हेन्री यांनी उभं केलं आणि तेच पुढे पसरलं. मग तुम्ही म्हणाल, पहिलं अचूक मळसूत्र कशावर कापलं? शंका बरोबर आहे. त्यासाठी त्यांनी मऊ लाकडाच्या किंवा मऊ धातूच्या फिरत्या दांड्यावर तिरकी पाती टेकवून रेघ उमटवली, म्हणजे आपला कागदाचा त्रिकोणच की! त्यावरून मळसूत्र केलं, मग त्यातल्या चुका काढत काढत आणखी चांगलं केलं. त्यांच्या कारखान्यातल्या एका मळसूत्राचं वर्णन मिळतं : लांबी ५ फूट, जाडी २ इंच आणि इंचाला ५० आटे. त्याचा नट १२ इंच लांब, म्हणजे नटातच ६०० आटे! एवढ्या लांबीत एक आटा जरी इकडचा तिकडे असता तरी तो नट अडकला असता.

आता आपल्या मॉनिटरच्या स्टँडकडे जरा वळूया, कारण हेन्री यांच्या लेथमधलं मर्म तिथेही लागतं. समजा, बाजारात मिळणारा २० मिलिमीटर जाडीचा आटेवाला रॉड घेतला. त्याचं नेहमीचं अंतर २.५ मिमी असतं. म्हणजे एका फेऱ्यात पडदा अडीच मिलिमीटर वर. दुसरीच्या मुलीपासून सातवीच्या मुलापर्यंत १० सेंटीमीटरचा फरक धरला, तर ४० फेरे. वर्ग बदलताना एवढे फेरे म्हणजे कंटाळाच! ५ मिमी अंतराचे जाड आटे घेतले तर २० फेऱ्यांत काम होतं. मग आणखी उंच उतार का घेऊ नये? कारण उतार फार चढा झाला, तर मॉनिटरच्या वजनाने स्क्रू आपोआप उलटा फिरून पडदा खाली येऊ शकतो. उतार कमी असला की घर्षणच त्याला धरून ठेवतं, वेगळी खिटी लागत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. रॉड वरच्या फळीला घट्ट जोडला आणि रॉडच फिरवला, तर मॉनिटरही गरगर फिरणार, वायर गुंडाळली जाणार! म्हणून रॉड फिरू द्यायचा नाही, नट फिरवायचा. स्लॅब टाकताना सेंट्रिंगखाली लोखंडी टेकू लावतात ते पाहिलेत ना? खाली पाइप, पाइपाच्या तोंडावर मोठा नट, त्यातून वर निघणारा आटेवाला रॉड. नट फिरवला की रॉड वर येतो. आपला स्टँड तसाच करायचा. शिवाय वरच्या फळीला दोन बाजूंना दोन गुळगुळीत सळया लावून त्या खालच्या फळीवरच्या दोन पाइपांत सोडायच्या. त्या पडद्याला फक्त वर-खाली जाऊ देतात, वळू देत नाहीत. रॉड पूर्ण वर गेला तरी त्याचा चांगला हातभर नाही, पण वीतभर भाग पाइपात राहिला पाहिजे, नाहीतर पडदा डुलेल. आणि खालची फळी रुंद आणि वजनदार हवी. फिरवायला मळसूत्र आणि सरळ ठेवायला रूळ, ही जोडी हेन्री यांच्या लेथवर होती तीच इथे. वेल्डिंगचं काम मात्र मोठ्यांकडूनच करून घ्या.

हेन्री यांना अचूकपणाचं जणू वेडच होतं. त्यांनी १८०५ च्या सुमारास माप घेण्याचं एक उपकरण बनवलं, त्याचाही प्राण मळसूत्रच. त्याने इंचाचा दहाहजारावा भाग मोजता येई. हे कसं शक्य होतं ते पाहा : मळसूत्रावर इंचाला १०० आटे असतील आणि त्याच्या चाकावर १०० खुणा असतील, तर चाक एक खूण फिरवलं की टोक किती सरकेल? शंभराव्या भागाचा शंभरावा भाग. कारखान्यात मापावरून वाद झाला की शेवटचा निकाल या उपकरणाचा. म्हणून त्याला त्यांनी नाव दिलं लॉर्ड चान्सलर, म्हणजे इंग्लंडातला सर्वांत वरचा न्यायाधीश! कामगारांच्या बाकांवर त्यांनी अगदी सपाट लोखंडी पाट ठेवले होते. आपलं काम सपाट झालं की नाही हे प्रत्येकाने स्वतःच तपासायचं. असा पाट करताना दोन नाही, तीन पाट एकमेकांवर आळीपाळीने घासून पाहतात. दोनच घेतले तर एक खोलगट आणि दुसरा फुगीर असूनही ते एकमेकांत नीट बसतील. तिसरा आला की ही लबाडी उघडी पडते.

त्यांचं सर्वांत गाजलेलं काम पोर्ट्समथच्या गोदीतलं. शिडाच्या एका मोठ्या युद्धनौकेला दोरखंडांसाठी सुमारे १००० लाकडी कप्प्या लागत, आणि नौदलाला वर्षाला लाखभर. त्या सगळ्या हाताने बनत. मार्क ब्रुनेल या अभियंत्याने यंत्रांची योजना केली आणि ती यंत्रं हेन्री यांनी घडवली. १८०२ पासून पुढच्या काही वर्षांत चाळीसहून अधिक यंत्रं उभी राहिली. एक यंत्र लाकूड कापणार, एक भोक पाडणार, एक खाच घेणार, अशी ओळच. १८०८ मध्ये तिथे १ लाख ३० हजार कप्प्या झाल्या. पूर्वी ११० कुशल कारागिरांना लागणारं काम आता १० साधे कामगार करू लागले.

इथे जरा थांबा. पुस्तकात हे वाक्य कौतुकाने दिलेलं असतं आणि कौतुक आहेच. पण ११० वजा १० किती? शंभर. ते शंभर कारागीर घरी काय सांगत असतील? आयुष्यभर कमावलेलं हाताचं कसब एका हंगामात निकामी झालं. आणि ते कुणी केलं, तर स्वतः हातानेच सगळं शिकलेल्या एका कारागिराने. यावर वर्गात वाद घाला, दोन गट करा. माझं मत मी सांगत नाही, पण दुसऱ्या गटालाही बोलू द्या. दुसरीकडे याच यंत्रांमुळे यंत्रं घडवणाऱ्या नव्या कारागिरांची एक पिढी तयार झाली, तेही विसरू नका.

ती पिढी बरीचशी हेन्री यांच्याच कारखान्यात घडली. १८१० मध्ये त्यांनी लंडनच्या लॅम्बेथ भागात मोठी जागा घेतली. तिथे जहाजांची वाफेची इंजिनं होऊ लागली. १८२५ मध्ये इंग्लंडहून कलकत्त्याला आलेल्या एंटरप्राइझ या आगबोटीचं इंजिन याच कारखान्याचं. थेम्स नदीखालून बोगदा खणताना ब्रुनेल यांनी वापरलेली प्रचंड लोखंडी ढालही इथेच घडली. पण मला त्या कारखान्यापेक्षा ती शाळा जास्त आवडते. रिचर्ड रॉबर्ट्स इथे शिकले. वाफेचा घण बनवणारे जेम्स नॅस्मिथ १८२९ मध्ये स्वतः केलेलं छोटं इंजिन आणि चित्रं घेऊन स्कॉटलंडहून आले. हेन्री यांनी ती पाहिली आणि त्यांना आपल्या खास कामात मदतनीस म्हणून जवळ ठेवलं.

जोसेफ क्लेमंट हे आणखी एक. त्यांनी हेन्री यांच्याकडे नकाशे काढायचं काम केलं, मग स्वतःचं दुकान काढलं. पुढे चार्ल्स बॅबेज यांना आकडेमोड करणारं यंत्र घडवायचं होतं, तेव्हा ते काम क्लेमंट यांच्याकडे आलं. हजारो सारखे भाग लागणारं ते यंत्र अंदाजाच्या हाताने होणं शक्यच नव्हतं. पैशांवरून दोघांचं बिनसलं आणि १८३३ मध्ये काम थांबलं. पण त्याचा जुळवलेला थोडा भाग व्यवस्थित चालत होता. म्हणजे पाहा, ज्या संगणकासाठी आपण स्टँड करतो आहोत त्याच्या पणजोबांचे भागसुद्धा हेन्री यांच्या तालमीतल्या हातांनी केले.

आणि जोसेफ व्हिटवर्थ. हेन्री यांनी आपल्या कारखान्यापुरते आटे ठरवून दिले होते : इतक्या जाडीच्या बोल्टला इंचाला इतकेच आटे. पण शेजारच्या कारखान्याचे आटे वेगळेच. व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सगळ्या देशासाठी एक माप सुचवलं. आट्याचा कोन ५५ अंश, अर्धा इंच बोल्टला इंचाला १२ आटे, पाव इंचाला २०. रेल्वेने ते उचललं आणि ते जगभर गेलं, आपल्याकडेही आलं. आजही गावातल्या जुन्या दुकानात तीन सुती बोल्ट मागतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या इंची बोल्टला मिलिमीटरचा नट लावायला जाऊ नका हं, एक-दोन फेरे जाईल आणि अडकेल. स्टँडचं सामान आणताना नट आणि रॉड एकाच मापाचे आहेत ना, ते दुकानातच फिरवून बघा.

व्हिटवर्थ यांचं हे यश पाहायला हेन्री नव्हते. शेवटच्या दिवसांत त्यांना नवा छंद लागला होता, दुर्बिणीचा. मोठी दुर्बीण स्वतः बनवायची, तारे पाहायचे असा बेत चालला होता. जानेवारी १८३१ मध्ये ते एका आजारी मित्राला भेटायला फ्रान्सला गेले. परतताना समुद्रात थंडी बाधली. जवळजवळ महिनाभर अंथरुणावर होते आणि फेब्रुवारीत ५९ व्या वर्षी गेले. दुर्बीण राहिली. त्यांना वुलविचलाच, चर्चच्या आवारात पुरलं, जिथे बाराव्या वर्षी दारू भरायला सुरुवात केली होती त्याच गावात. थडगं दगडाचं नव्हतं, ओतीव लोखंडाचं होतं.